गाडीपाशी कोणीतरी पाहिजे

वसंतनाना, मी आज जो काही आहे तो तुमच्यामुळे आहे. हे वाक्य मी तुमच्यासमोर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर "गप रं लेका, चहा टाकायला सांग" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. तुम्हाला जाऊन आता तीन आठवडे झाले. आता तुम्ही मला गप्प करू शकत नाही, म्हणून लिहून टाकतो.

आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. माझे वडील आटपाडीच्या बाजारात हमाली करायचे. मला सांगलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, पण वसतिगृहात जागा मिळाली नाही, आणि आत्यानं मला तुमच्या घरी ठेवून घेतलं. दोन खोल्या, एक खाट. तुम्ही एसटीत कंडक्टर. मी आलो आणि तुम्ही मुक्कामाच्या ड्यूटीवर जाऊ लागलात. संध्याकाळची गाडी घेऊन कुठल्यातरी वाडीवर जायचं, रात्री बाकांवर आडवं व्हायचं आणि सकाळची पहिली फेरी घेऊन परत यायचं. चार वर्षं तुमच्या खाटेवर मी झोपलो, आणि खाटेच्या कडेला बसून अभ्यास केला. मला वाटायचं तुमची ड्यूटीच तशी लागते. बाकीचे कंडक्टर ज्या ड्यूट्या टाळायला धडपडत होते त्या तुम्ही मागून घेत होता, हे आत्यानं माझ्या लग्नानंतर मीनलला सांगितलं आणि मीनलनं मला.

म्हणजे मला काही कळू न देण्यात तुम्ही तेव्हापासूनच तरबेज होता. आणि न कळण्यात मी.

या उन्हाळ्यात तुम्ही आणि आत्या आमच्याकडे जर्मनीत, इंगोलश्टाटला आलात. त्याआधी मी एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याकडून त्याची जुनी कॅरॅव्हॅन घेतली होती. मोटारीच्या मागे जोडून ओढायचं ते चाकांवरचं घर. व्हिडिओवर दाखवली तर तुम्ही म्हणालात, "ही तर मुक्कामी गाडी की! एवढी मऊ बाकं असती तर मी रिटायरच झालो नसतो." मी ठरवलं, याच गाडीतून तुम्हाला जर्मनी दाखवायची. रेगन्सबुर्ग, न्युर्नबेर्ग, फ्रँकफर्ट, कोलोन. नऊ दिवस.

मीनल जूनपासून सांगत होती, "दत्ता, शहराबाहेरच्या कॅम्पिंगवर आत्ताच जागा धर. गाडी तिथं ठेवायची आणि ट्रेननं शहरात जायचं. ऑगस्टमध्ये काही मिळणार नाही."

"बघू गं. मिळेल कुठंतरी."

मिळालं नाही. हमरस्त्यावर कॅरॅव्हॅन मुकाट मागून येते, पंचाईत होते ती शहरात शिरल्यावर. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून बारा मीटर. मजल्यांच्या पार्किंगला दारातच उंचीचा दांडा आडवा. रस्त्याकडेच्या जागा तिथल्या रहिवाशांसाठी. ट्रेनला जोडलेल्या मोठ्या वाहनतळांवर पाटी, फक्त मोटारींसाठी. म्हणून जत्रेचं मैदान, बसगाड्यांचा तळ, बंद दुकानांमागचा रस्ता, असं शोधत शोधत आम्ही दर शहरात मध्यापासून लांब लांब जात राहिलो.

आणि जागा सापडली की रिव्हर्स. ते काम तुमचं होतं. तुम्ही खाली उतरायचात, मागे जायचात आणि पत्र्यावर हळू हळू थापा मारायचात. थापा चालू आहेत तोवर मी मागे येत राहायचं, जोराची एक थाप पडली की थांबायचं. पहिल्याच दिवशी तुम्ही मला नियम समजावून दिला. "आणखी एक ध्यानात ठेव. थापा ऐकू यायच्या बंद झाल्या तरी जागेवर उभं राहायचं. माणूस दिसत नाही, ऐकू येत नाही, तर पुढचं काही करायचं नाही. आमचे ड्रायव्हर भांडायचे, पण हा नियम मोडत नव्हते."

"नाना, याला मागे कॅमेरा आहे."

"असू दे. कॅमेरा ओरडतो का?"

रेगन्सबुर्गला तुमच्या थापा अशा पडल्या की शेजारच्या गाडीतला कुत्रा भुंकायला लागला. त्या दिवशी तुम्ही आमच्याबरोबर नदीपर्यंत आलात. दगडी पुलाच्या मधोमध कठड्याला टेकून उभे राहिलात, पाण्याकडे बघत. आम्ही पलीकडे जाऊन परत आलो तरी तुम्ही तिथंच. "नदी बघत होतो," म्हणालात. मी तुमचा फोटो काढला. आता तो मोठा करून बघतो तर तुमचा हात कठड्यावर टेकलेला नाही, त्याला धरून आहे.

न्युर्नबेर्गला जत्रेच्या मैदानाच्या कडेला जागा मिळाली. जोडून असलेल्या दोन जागा आम्ही अडवल्या होत्या आणि ते चालतं की नाही याची मला खात्री नव्हती. किल्ल्यापर्यंत ट्राम आणि पुढे चढ. निघताना तुम्ही घडीची खुर्ची काढून कॅरॅव्हॅनच्या सावलीत मांडली.

"तुम्ही जावा. मी बसतो."

"अहो नाना, चला की. इथं कोण काय नेतंय?"

"सामानापाशी कोणीतरी पाहिजे."

आमची लेक ईरा नऊ वर्षांची आहे. तिला मराठी कळतं, पण बोलते जर्मन. तिनं तुम्हाला जर्मनमध्ये विचारलं, "नानाआजोबा, पण का?" तुम्ही म्हणालात, "कंडक्टर गाडी सोडत नसतो, बाई." ती पुन्हा म्हणाली, "पण का?" आम्ही हसलो. नाना, आमच्यात एकटी तीच नीट प्रश्न विचारत होती.

आम्ही हसलो कारण ते ओळखीचं होतं. लग्नाला जा, यात्रेला जा, स्टेशनवर गाडीची वाट बघा, आपल्यात एक जण सामानावर बसलेला असतोच. बाकीचे फिरून येतात, त्याच्यासाठी काहीतरी खायला आणतात. त्याला का बसलास असं कोणी विचारत नाही. आत्या मात्र हसली नव्हती. तिनं तुमच्याकडे बघितलं, तुम्ही तिच्याकडे. मग ती चप्पल घालून आमच्याबरोबर निघाली, आणि किल्ल्यावर अर्ध्या तासात दोनदा म्हणाली, "झालं का रे बघून?"

परत आलो तर तुम्ही खुशीत. युनिफॉर्ममधली एक बाई येऊन गेली होती, पार्किंग तपासणारी. तिला काय सांगितलंत, नाना?

"ड्रायव्हर. टी. टेन मिनिट."

"आणि?"

"हसली आणि गेली. युनिफॉर्मवाल्यांना युनिफॉर्मवाला कळतो."

मीनलनं तुम्हाला टाळी दिली. मला मात्र दुसरंच वाटलं होतं, ते इथं लिहायला हवं. मला वाटलं, बरं झालं नाना बसले. पुढच्या शहरात मी तुम्हाला "चला" असं एकदाच म्हणालो. त्याच्या पुढे म्हणालोच नाही. माझ्यासाठी आयुष्यात सगळ्यात जास्त ज्यांनी केलं, त्यांना मी माझ्या चुकीच्या पार्किंगवर राखणदार बसवलं होतं, आणि ते मला सोयीचं झालं होतं.

फ्रँकफर्टला ऊन फार होतं. उंच इमारती तुम्ही लांबूनच बघितल्यात, एका वाहनतळावरून, खुर्चीत बसून. संध्याकाळी परत आलो तेव्हा कॅरॅव्हॅनची सावली दुसऱ्या बाजूला गेली होती. तुम्ही जुन्याच जागी बसला होता, उन्हात. खुर्ची चार पावलं सरकवायची होती. मी म्हटलं, "नाना, सावलीत बसायचं ना!" तुम्ही म्हणालात, "डोळा लागला वाटतं." त्या दिवशी जेवलात कमी. तुम्ही बोलता बोलता मध्येच थांबायला लागला होता, जणू शब्द आठवत नाही. मी दोनदा तुम्हाला शब्द सुचवला.

मी ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत आहे. दिवसभर ब्रेकची चाचणी घेतो. आवाजात जराही बदल झाला तर चाचणी थांबवायची, हे माझं काम. त्या कॅरॅव्हॅनमध्ये माझ्या बाकापासून तुमचं बाक दीड मीटरवर होतं.

मग कोलोन. बसगाड्यांच्या तळावरून आम्हाला हाकललं. नदीकाठी मोकळी जागा दिसली तिथं कॅरॅव्हॅनला बंदी. पुलावरून दोनदा गेलो, दोनदा आलो. ईरा रडवेली, आणि दोन उंच मनोऱ्यांचं ते चर्च दर वळणावर दिसत होतं आणि तिथं पोचता येत नव्हतं. शेवटी पलीकडच्या काठाला, बंद पडलेल्या एका गोदामामागे, एका रिकाम्या रस्त्यावर जागा सापडली. खिडक्यांना फळ्या मारलेल्या. एकही माणूस नाही, एकही झाड नाही.

तुम्ही उतरलात. मी रिव्हर्स टाकला. थापा सुरू झाल्या. इतक्या हळू होत्या की मी काच खाली केली. मग आल्या नाहीत.

नाना, मला नियम आठवत होता. मला आठवत होता, आणि मला घाई होती, दुपार निघून चालली होती. कॅमेऱ्यात फक्त ऊन चमकत होतं. मी अजून थोडा मागे आलो. कॅरॅव्हॅनचा मागचा कोपरा लोखंडी खांबावर गेला, तो आवाज आत्तासुद्धा कानात आहे. दुसऱ्या कोपऱ्याला तुम्ही होता. तो कोपरा जर खांबाकडे असता तर काय, हे मी रोज मनात करून बघतो.

मी उतरलो आणि ओरडलो. "नाना, लक्ष कुठंय तुमचं? एक थाप मारायची होती फक्त!"

तुमचा तळवा पत्र्यावर टेकलेला होता. तो तुम्हाला उचलवत नव्हता. कपाळावर घाम. तुम्ही म्हणालात, "चुकलं बाबा. ऊन आलं डोळ्यावर."

ऊन तुमच्या पाठीमागे होतं. मला ते दिसत होतं. तरी मी वाकून पोचा बघत बसलो.

आत्या म्हणाली, "तुम्ही तिघं जावा. मी ह्यांच्यापाशी बसते." तिचा आवाज बारीक झाला होता. आणि आम्ही गेलो. दोन ट्राम बदलून. चर्चच्या आत काचांमधून रंगीत उजेड पडला होता. मी तुमच्यासाठी फोटो काढले, तिथूनच पाठवले. तुम्ही बघितल्याची खूण आली नाही. फोन केला, उचलला नाही. आत्याचा फोन कॅरॅव्हॅनमध्ये चार्जिंगला होता, हे मला माहीत होतं. मीनल म्हणाली, "चल." परतीच्या ट्राममध्ये जागा असून आम्ही दोघं उभे होतो. एक रुग्णवाहिका आवाज करत पुलावरून आमच्याच दिशेला गेली आणि पुढे कुठेतरी आवाज बंद झाला. शेवटचा रस्ता मी पळालो. ईराला मीनलच्या हाती सोडून पळालो.

तुम्ही कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसला होता. गाडी किती वाजता लावली ते दाखवायला काचेमागे ठेवायचं पुठ्ठ्याचं निळं घड्याळ घेऊन आत्या तुम्हाला वारा घालत होती.

"एवढ्यात आलात?" तुम्ही म्हणालात. "मोठं आहे का चर्च?"

"काय झालं?"

आत्या बोलायला गेली, तुम्ही तिच्या हातावर हात ठेवलात. "उष्मा. दुसरं काय."

"डॉक्टरकडे जाऊया, नाना."

"डॉक्टर कशाला? लिंबूपाणी दे."

मी लिंबूपाणी दिलं. माझ्या शिक्षणाचा, नोकरीचा, या देशात आठ वर्षं राहण्याचा काय उपयोग, नाना? तुमच्या ओठांचा रंग मला दिसत होता. मी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं, आणि मला ते नाही ऐकायचंच होतं, कारण मग सहल पुरी झाली असती आणि मी तुम्हाला जर्मनी दाखवली असं म्हणता आलं असतं. दुसऱ्या दिवशी मात्र मीनलनं ऐकलं नाही. सहा तास गाडी चालवून आम्ही थेट घरी आलो. आठ दिवसांनी मी तुम्हाला विमानतळावर सोडलं. तुम्ही चाकांची खुर्ची नको म्हणालात. मी हट्ट धरला नाही.

सप्टेंबरमध्ये हिवाळ्यासाठी कॅरॅव्हॅन बंद करायला गेलो. तुमच्या बाकाच्या गादीखाली गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. चार. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. मी नाव शोधलं. छातीत कळ आली की घ्यायच्या, हृदयाच्या.

तुम्हाला फोन केला. "बोल इंजिनियर!" तुम्ही म्हणालात, आणि मी सांगलीत पाऊस आहे का विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, पुन्हा तेच. तुमच्याशी मला कधी काही थेट बोलता आलंच नाही. आपल्यात तशी पद्धतच नव्हती. तुम्ही करायचं आणि सांगायचं नाही, मी घ्यायचं आणि विचारायचं नाही. म्हणून मी कागदावर लिहिलं आणि पोस्टात टाकलं.

पत्र तुम्हाला एका सोमवारी मिळालं. त्याच दिवशी माझ्या दुपारी तुमचा फोन आला होता. मी चाचणी घेत होतो, घेतला नाही. संध्याकाळी लावला तर आत्या म्हणाली, झोपलेत. मंगळवारी मी कामात होतो. बुधवारी पहाटे आत्याचा फोन आला. सोमवारी तुम्ही काय सांगणार होता, नाना? "ये" म्हणणार होता, की "कशाला येतोस"? हे आता मला कळणार नाही.

मी तिसऱ्या दिवशी पोचलो. तुमच्या शर्टाच्या खिशात पत्र होतं. आत्यानं ते मला उघडून दिलं नाही, हातात धरून ठेवलं.

"दोनदा वाचलं त्यांनी. मी विचारलं, काय लिहिलंय पोरानं? तर म्हणाले, गाडी लावायच्या जागा. खरं का रे?"

तुम्ही जाता जातासुद्धा मला पाठीशी घातलंत. आणि मी आत्याला म्हणालो, "हो, तेवढंच."

तिला चाळिशी लागते आणि माझं अक्षर वाईट आहे, पण हे छापलेलं तिला वाचता येईल. आत्या, मी खोटं बोललो. पोस्टात टाकण्याआधी मी पत्राचा फोटो काढून ठेवला होता. ते असं होतं:

ती. नाना यांस,
दत्ताचा साष्टांग नमस्कार.

पत्र बघून नवल वाटेल. फोनवर जमेना म्हणून लिहितो.

तुमच्या बाकाच्या गादीखाली गोळ्यांची पाकिटं सापडली. कशाच्या आहेत ते मला आता माहीत आहे. आत्याला रागावू नका, तिनं मला एका शब्दानं सांगितलेलं नाही. मीसुद्धा रागावलेलो नाही. तुम्ही का सांगितलं नाहीत ते कळतं. पोरगं परदेशात, त्याच्या सुट्टीचा विचका नको. हेच ना?

कोलोनला मी तुमच्यावर ओरडलो. थापा बंद झाल्या तेव्हा मी थांबायला हवं होतं. तुम्ही "चुकलं" म्हणालात आणि मी ते ऐकून घेतलं. चूक माझी होती. मला माफ करा. हे तोंडावर म्हणायला मला जमलं नसतं.

पुढच्या ऑगस्टसाठी मी आत्ताच जागा धरायला सुरुवात केली आहे. कोलोनला नदीकाठी एक कॅम्पिंग आहे, तिथून चर्चच्या दारापर्यंत टॅक्सी जाते. न्युर्नबेर्गलाही जागा मिळाली. प्रत्येक ठिकाणी दारापासून बाकापर्यंत किती पावलं आहेत ते मी विचारून घेतो आहे. तिथली माणसं हसतात, पण सांगतात. यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. ते नाही म्हणाले तर आम्ही तिघं तिकडे येऊ आणि महिनाभर राहू.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी एकटा येतोय. तिकीट काढलं आहे. आपण मिरजेला मोठ्या दवाखान्यात जाऊ. डॉक्टर जे सांगतील ते मला तुमच्यासमोर ऐकायचं आहे, त्यामुळे मला बाहेर बसवू नका. काय काय होतं, कधीपासून होतं, ते सगळं त्यांना खरं सांगायचं. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन.

तोवर वरच्या मजल्यावर जाऊ नका. पाण्याची कळशी उचलू नका. बाजारातून काही आणायचं असलं तर शेजारच्यांना सांगा, लाज धरू नका.

माझी वाट बघा.

तुमचा,
दत्ता